न विकलेली मोळी

वेणू,

तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही, आणि एवढ्यात लोकांनी तुला देव्हाऱ्यात नेऊन बसवलंय. मागच्या आठवड्यात आमच्या शाळेत तुझ्यासाठी सभा झाली. भोरात तुला ओळखणारी माणसं मोजकीच, पण बोलायला उठली पुष्कळ. एक गृहस्थ म्हणाले, वेणूताईंनी उभ्या आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. मी पहिल्या बाकावर होते. मला हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय, आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मलाही चार शब्द बोला म्हणून आग्रह झाला. मी नको म्हटलं. माझ्याकडे तुझ्यासाठी चार शब्द नव्हते, एक अर्धवट राहिलेलं भांडण होतं. ते सभेत मांडण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे मांडते.

तुझं शिक्षण, तुझ्या नोकऱ्या, तुझा साधेपणा, सगळं त्या सभेत सांगून झालं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं, पण दुरुस्त करायला मी उठले नाही. मला आठवते ती शिवऱ्याला सर्व्हिस मोटारीतून उतरणारी वेणू. लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. मी भोरला मुलींना गणित शिकवायची, आणि तू पुण्याला कॉलेजात मानसशास्त्र शिकून तिथल्याच एका प्राध्यापकांच्या हाताखाली काम करायचीस. दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. तुला न्यायला मी बैलगाडी घेऊन आले होते. धुळीनं तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि 'कशी आहेस' एवढंही न विचारता तू गाडीत चढता चढताच सुरू झालीस.

"द्वारके, आमच्या प्रयोगशाळेत काय असतं माहीत आहे? एक अंधारी खोली, एक दिवा, एक घड्याळ. दिवा लागला की बटण दाबायचं. अशा खोलीत माणूस बसवला की तो माणूस राहतच नाही, परीक्षेला बसलेला विद्यार्थी होतो. मला वाटेवरचा माणूस हवाय. आपल्याकडे कुणी बघतंय हे ज्याला माहीत नाही असा."

"म्हणजे चोरून बघायचं," मी म्हटलं.

"चोरून नाही. न सांगता."

"फरक काय?"

तू बैलांकडे बघत बसलीस. आपलं भांडण असं नसरापूर यायच्या आतच सुरू झालं होतं, आणि पुढे ते वर्षानुवर्षं चाललं.

तुझ्या प्राध्यापकांचं मत असं, की मागितल्याशिवाय माणूस दुसऱ्यासाठी काही करत नाही. समोरच्यानं मागितलं की नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून करतो. न मागणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तुला ते पटत नव्हतं, आणि पटत नसलेलं ऐकून घेणं तुझ्या स्वभावात नव्हतं. यामागे तुझं काय होतं ते मला ठाऊक होतं. लहानपणी झालेलं लग्न, वर्ष सरायच्या आत गेलेला नवरा, आणि भोंगवलीला वडिलांच्या घरी आतल्या खोलीत बसवलेली तू. तू कुणाकडे काही मागितलं नव्हतंस. काय मागता येतं हेही तुला माहीत नव्हतं. तुझ्या आत्या आल्या, त्यांनी कुणाला न विचारता तुझं गाठोडं बांधलं आणि तुला पुण्याला नेऊन शाळेत घातलं. प्राध्यापकांचं म्हणणं खरं मानलं, तर आत्यांचा हिशेब कुठे लागत नव्हता. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस, आणि मीही विषय काढला नाही.

आपण पासलीला उतरलो, माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोळी. तिचे आजोबा गावचे पाटील, ओसरी ऐसपैस, आणि दोन शिकलेल्या बाया मुक्कामाला आल्या म्हणून घरात कौतुक. एका सकाळी पाटलांनी आपल्याला खाचरं दाखवली. एका खाचरात राब, म्हणजे पालापाचोळा आणि शेण, भाजून तयार केलेल्या वाफ्यातलं रोप लावलं होतं, शेजारच्यात न भाजलेल्या वाफ्यातलं. माती तीच, पाणी तेच, बियाणं तेच. कोणतं भात उजवं ते आंधळ्यालाही कळलं असतं. तू बांधावर उभी राहून इतकी हसलीस की पाटील बिचकले.

"हेच करायचं, द्वारके," तू म्हणालीस. "बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. फक्त भाताच्या जागी माणूस."

त्यासाठी तू पासलीहून वेल्ह्याच्या बाजाराला जाणारी वाट निवडलीस. जड ओझं घेऊन निघालेलं माणूस वाटेत टेकलं, तर ओझं पुन्हा डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. कुणीतरी येणारं जाणारं हात लावतं आणि आपल्या वाटेनं जातं. हे तिथे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्याला कुणी उपकार म्हणत नाही आणि आभारही मानत नाही. तुझा प्रश्न साधा होता. मोळी खाली ठेवून उभ्या असलेल्या बाईनं 'हात लावा' म्हटलं तर किती माणसं थांबतात, आणि तिनं तोंडातून शब्द काढला नाही तर किती?

या कामाला तू ठकूला निवडलंस. पाटलांच्या शेजारच्या मारुतीची बायको, पदरात एक रांगती मुलगी. अख्ख्या पासलीत तिच्याइतकी बोलकी बाई नव्हती. मी म्हटलं, गप्प राहायचं काम हिला कसं जमणार? तू म्हणालीस, ही कुणाला बिचकत नाही आणि सगळ्यांशी सारखी वागते, मला तेच हवंय. ठकूला तर सगळी गंमतच वाटली. "निस्तं हुबं ऱ्हायाचं, आन कोन थांबतंय त्ये तुमी बगनार? मंग येती की. घरात तरी कुठं बसाया मिळतंय!"

नियम सगळे तुझे. ठकूजवळ मधोमध फोडलेला अर्धा चिंचोका दिला होतास, मुली सारीपाटाला घेतात तसा. वाटेवर कुणी येताना दिसलं की तो टाकायचा. काळी बाजू वर आली तर मागायचं, पांढरी आली तर गप्प. तिच्या मनावर सोडलं असतं तर तिनं चेहऱ्यावरून भला वाटणाऱ्यालाच विचारलं असतं, आणि ठकूला माणसं पारखता येतात यापलीकडे आपल्याला काही कळलं नसतं. हा मुद्दा मला गणिताची असल्यामुळे लगेच पटला. मोळी दर बाजाराला तीच, म्हणजे वजन बदलायला नको. लुगडं तेच हिरवं, म्हणजे दिसण्यात फरक नको. जागा तीच, वळणाअलीकडच्या आंब्याखाली. सोबत कुणी नको. कुणी मोळी चढवून दिली की ठकूनं वळणापलीकडे जायचं, तिथे मी ती उतरवून घ्यायची, आणि वाट मोकळी झाली की पुन्हा जागेवर. मधल्या वेळात आपण दोघी करवंदीच्या जाळीआड, औषधी पाला गोळा करणाऱ्या बाया म्हणून.

आणि हे कुणाला सांगायचं नाही, अगदी घरीसुद्धा. "मारुतीला कळलं की पासलीला कळेल, आणि पासलीला कळलं की साऱ्या वाटेला," तू म्हणालीस. तेव्हा ठकूनं घरी सांगायचं, की बायांबरोबर पाला गोळा करायला जाते. तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मला ते तिथेच आवडलं नव्हतं, आणि मी तसं म्हटलंही. तू म्हणालीस, "बघू गं."

पहिले काही बाजार छान गेले. माणसं थांबत होती, पुढे जात होती, तू लिहून घेत होतीस. सुट्टी संपली तेव्हा मी बिनपगारी रजा काढली. सगळं सारखं ठेवण्यात आपण इतक्या गुंतलो होतो, की वाटेवरची माणसंही डोळे उघडे ठेवून चालतात हे आपल्या लक्षात आलं नाही. त्या मोळीत ऐनाचं एक वाकडं लाकूड होतं, बाहेर आलेलं. ते साऱ्यांच्या ओळखीचं झालं. हिरव्या लुगड्यातली पासलीची सून दर बाजाराला त्याच आंब्याखाली उभी असते, एकटी, आणि मोळी तीच. याचा अर्थ उघड होता. हिची मोळी विकली जात नाही. आणि विकली जात नसताना ही घरी का जात नाही? तर सासूनं बजावलं असणार, मोळी विकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

हात लावताना तिला कुणी काही विचारलं नाही, ती रीतच नाही. विचार सगळ्यांनी घरी गेल्यावर केला. डोंगरापलीकडे शेळ्या घेऊन जाणाऱ्या बिरूबा धनगरानं तिच्या माहेरी सांगावा पोचवला, आणि एका दुपारी ठकूचा थोरला भाऊ सदा दोन चुलतभावांना घेऊन मारुतीच्या अंगणात उभा राहिला.

पाटलांच्या ओसरीवरून आपल्याला सगळं ऐकू येत होतं.

"आमची बहीन वाटंवर मोळी घिऊन हुबी असती," सदा म्हणाला. "इकली न्हाई तर तिला घरात घेत न्हाई म्हनं तुमी."

"कुनाची मोळी?" सासू बाहेर आली. "ती तर बायांसंगं पाला गोळा कराया जाती."

"सारी वाट मोळी म्हनती, आन तुमी पाला म्हनता? तिला न्ह्याया आलोय आमी. आमाला काय जड न्हाई आमची बहीन."

मारुती ठकूकडे वळला. "मोळी घिऊन बसतीस तू? व्हय का न्हाई, येवढंच सांग."

ठकू मुलीला कडेवर घेऊन उभी होती. "मला काई तरास न्हाई," एवढंच ती म्हणाली. सदाला वाटलं, सासरच्यांच्या धाकानं बोलत नाही. मारुतीला वाटलं, आपल्यापासून काहीतरी लपवतेय. आणि ते खरंच होतं. तो शांतपणे म्हणाला, "मंग जा तू. नवऱ्याला खरं सांगाया येत न्हाई, तर हितं ऱ्हाऊन काय करशील?"

मी तुला म्हटलं, "ऊठ. जाऊन सांग."

"अजून थोडे बाजार मिळाले असते तर..." तू म्हणालीस.

वेणू, तुझं हे वाक्य मी कधी विसरले नाही. ते तू वाईटपणानं म्हणाली नाहीस हे मला माहीत आहे. तुला भात दिसत होतं, उजवं होत आलेलं. पण ठकू दोरीवरचं मुलीचं झबलं काढून त्याची घडी घालायला लागली, आणि ते मात्र तुलाही दिसलं. तू ओसरीवरून उतरलीस, अनवाणीच.

अंगणात तू भोंगवलीच्या बोलीत बोललीस. पुण्यात इतकी वर्षं काढून ती तुझ्या तोंडात तशीच होती. "दादा, चूक माजी हाय. मोळी मीच तिला दिली. मागितल्यावर मान्सं हात लावत्यात का न मागता लावत्यात, ह्ये मला बगायचं व्हतं. सांगू नगंस, असं मीच तिला बजावलं." सगळं सांगितलंस, चिंचोक्यासकट. मला वाटलं, झालं, सुटलं.

सदानं तुझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. खोटं बोलाया तरी नीट शिकायचं. पुन्याची बाई हितं रानात येती, आन मोळीला कोन हात लावतंय त्ये बगत बसती? सासूला वाचवाया बोलताय तुमी."

तुझा चेहरा मला अजून दिसतो. जन्मात पहिल्यांदा तू सगळं खरं सांगितलं होतंस आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. मारुतीनंही ठेवला नाही. आधी पाला, मग मोळी, आता चिंचोका. खरं शेवटी सांगितलं की ते तिसऱ्या खोट्यासारखं दिसतं, हे मी तेव्हा शिकले. पाटील मध्ये पडले म्हणून सदा रात्रीपुरता थांबायला तयार झाला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तू त्याला म्हणालीस, "मंग उद्या या आमच्यासंगं. जाळीआड बसा आन बगा."

तो आला. आडदांड माणूस, करवंदीच्या जाळीत कसाबसा मावला. समोर आंब्याखाली ठकू, हिरवं लुगडं, पायाशी मोळी. तिनं चिंचोका टाकला, पांढरा पडला. दोन बाया बोलत बोलत आल्या आणि तशाच पुढे गेल्या. सदानं श्वास सोडला. पुढे छत्रीवाला कुणीतरी गेला. मग वाटेवर एक म्हातारा येताना दिसला, आणि सदा ताठ झाला.

"आमचा चुलता हाय त्यो," तो कुजबुजला. "आता बगा."

म्हाताऱ्यानं ठकूकडे पाहिलं, मोळीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि चालू लागला. सदा उठायला गेला तशी तू त्याची बंडी धरलीस. "थांबा. अजून वळणापर्यंत गेले नाहीत, परत फिरतील कदाचित."

"थांबू?" बंडीची चिंधी तुझ्या हातात राहिली. "बाई, माजी बहीन हाय ती. बसून बगायची चीज हाय व्हय ही?" असं म्हणून तो जाळी तुडवत गेला, चुलत्याला हाक मारली नाही की काही नाही, दोन्ही हातांनी ती मोळी उचलली आणि छातीशी धरून उभा राहिला.

आणि ठकू त्याच्यावर खेकसली. "दादा, ठिव खाली! सगळं मोडलंस तू! म्हातारं आजून वळनावर व्हतं. आता चिंचोका पुन्यांदा टाकाया लागंल!"

सदा आ वासून बघत राहिला. छळलेली बाई सोडवायला आलेल्या भावावर अशी ओरडत नाही. तिला तिच्या कामाचा राग आला होता. त्याला तेव्हा कळलं, आणि मोळी तशीच धरून तो हसत सुटला. त्याच्यामागे मारुती हसला, तो मघापासून आंब्यामागे लपून बघत होता हे आपल्यालाही माहीत नव्हतं. ठकूचं घर मोडता मोडता राहिलं ते तुझ्या खरं बोलण्यानं नव्हे, तिच्या ओरडण्यानं.

त्याबरोबर तुझा प्रयोग मात्र संपला. संध्याकाळपर्यंत साऱ्या वाटेला बातमी लागली. बिरूबा धनगर दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाटलांकडे आला. काठी टेकून त्यानं तुला विचारलं, "बाई, म्हंजी म्या हात लावला त्यो फुकटच का?"

"न्हाई बाबा, तुमचा हात खराच व्हता."

"मंग मोळी खोटी कशी?" असं म्हणून तो उत्तराची वाट न बघता शेळ्या हाकत निघून गेला. पुढे कितीतरी दिवस त्या वाटेवर कुणी ओझं खाली ठेवलं की लोक थट्टेनं विचारायचे, "खरं हाय का बाईंचं हाय?" तू म्हणालीस, थट्टा आहे, विरून जाईल. विरली म्हणतात. विरेपर्यंत किती जण आपापलं ओझं घेऊन उभे राहिले, ते बघायला आपण तिथे नव्हतो.

चुलत्याचं आठवतं ना? तो का थांबला नाही हे सदानं नंतर सांगितलं. पुतणीचे हाल त्याच्या कानावर आले होते, आणि तिच्या समोर उभं राहायची त्याला लाज वाटली. तुझ्या वहीत तो 'थांबला नाही' या बाजूला पडला. मी म्हटलं, बघ, ज्याला सगळ्यात जास्त वाटत होतं तो तुझ्या लेखी दगड ठरला. तू म्हणालीस, जाळीआडून पाय दिसतात, मन दिसत नाही, एवढं मला माहीत आहे, आणि तरी पायच मोजावे लागतात. हे तुझं उत्तर मला तेव्हाही पटलं होतं. तुला सांगितलं नाही.

प्राध्यापकांनी तुझं काम बाजूला ठेवलं. माणसं थोडी, शिस्त ढिली, वर एका घरात तंटा. ते कुठे छापून आलं नाही. पण तुझ्यापुरता निकाल लागला होता. ठकूनं मागितलं तेव्हा जेवढी माणसं थांबली, जवळजवळ तेवढीच न मागतासुद्धा थांबली होती. हे तू नंतर ज्याला त्याला सांगत राहिलीस, वर्गात, लग्नघरात, मोटारीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. "न मागता माणूस हात लावतो. मी पाहिलंय." दुसरं काही तू इतक्या ठामपणे बोलल्याचं मला आठवत नाही. आत्यांचा हिशेब लागला होता.

आणि आपलं भांडण पत्रांतून चालू राहिलं. मी म्हणायची, ज्याच्यावर प्रयोग केला त्याला शेवटी खरं कळलंच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे, आपल्या सोयीचं असो वा नसो. तू लिहायचीस, खरं कळल्यानं माणसाचं भलंच होतं हे तुला कुणी सांगितलं? मी चिडून उलटटपाली लिहायची. तू पुढच्या पत्रात लोणच्याची कृती विचारायचीस. तुझ्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी चेंडू खेळणं होतं, पण तो खेळ मला मिळत होता. इतर कुणी माझ्याशी एवढ्या गंभीरपणे कधी भांडलं नाही. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि हेही तुला कधी सांगितलं नाही.

तू आजारी पडून भोंगवलीला परत गेलीस हे मला तिसऱ्याकडून कळलं. मी आले तेव्हा तू अंथरुणातून म्हणालीस, "मी बोलावलं नव्हतं."

"म्हणून तर आले."

तू हसलीस आणि खोकलीस. रॉकेल रेशनवर, औषध पुण्याहून यायचं, आणि तू सूचना देण्यात पहिल्यासारखीच पटाईत. शेवटी शेवटी तुझं बोलणं तुटक झालं. एका दुपारी तू डोळे मिटूनच विचारलंस, "द्वारके, तो निकाल तरी खरा होता ना?" मी म्हटलं, "तुझी रीत चुकीची होती. निकाल खरा आहे." तू मान हलवलीस. दोन्ही गोष्टी मला मनापासून वाटत होत्या, आणि एवढं तरी तुझ्या पदरात टाकता आलं याचं मला समाधान होतं.

सभेनंतर काही दिवसांनी ठकू भोरला आली. तिला कुणी कळवलं नव्हतं, बाजारात ऐकलं म्हणाली. मारुती खाली गाडीशी थांबला. तिची ती रांगती मुलगी आता सासरी आहे. मी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली आणि तुझं नाव घेऊन मोठ्यानं रडली. तुझ्यासाठी माझ्यासमोर इतकं मोकळं कुणी रडलं नव्हतं, मी तर नाहीच. मग नाक पुसून म्हणाली, "बाई, एक सांगू का? त्यांच्याम्होरं कदी धीर झाला न्हाई."

"सांग."

"पांढरा पडला की गप ऱ्हायाचं व्हतं न्हवं? म्या ऱ्हायाची. तोंडानं. पर डोळ्यानं मागायची."

"म्हणजे कशी?"

"अशी," ती म्हणाली, आणि मान जराशी कलती करून तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्चीतून अर्धी उठले होते, हे माझं मलाच नंतर कळलं.

हिशेबाला वेळ लागला नाही. पांढऱ्या बाजूचा एकही माणूस आता धरता येत नव्हता. त्या वाटेवर न मागता कुणी थांबलं होतं की नाही, हे आपल्याला माहीतच नाही. प्राध्यापक चुकले, असं म्हणायला तुझ्याकडे काही उरत नव्हतं. शाळेत मुलींना विचारते त्या आवाजात मी तिला विचारलं, "असं का केलंस? तुला बजावलं होतं ना?"

"बजावलं व्हतं की," ठकू म्हणाली. "पर कुनी न थांबता गेलं, की जाळीतनं बाईंचं तोंड दिसायचं मला. लई उतरायचं वो. बगवायचं न्हाई मला. म्हनून."

ती गेल्यावर मी स्वतःलाच विचारलं. तू असतीस, आणि ठकूनं हे मला सांगितलं असतं, तर मी तुला कळवलं असतं का? मी, जी प्रत्येकाला खरं कळलं पाहिजे म्हणून तुझ्याशी इतकी वर्षं भांडले? नसतं कळवलं. तुझ्या उशाशी बसून, डोळ्याला डोळा भिडवून, निकाल खरा आहे असंच पुन्हा सांगितलं असतं. तेव्हा भांडण तू जिंकलीस. जा.

पण मग दुसरं एक राहतं, आणि ते पहिलं सांगितल्यावाचून सांगता येत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं. तू ठकूकडे काही मागितलं नव्हतंस. उलट, काही करू नकोस म्हणून तिला बजावलं होतंस. तिनं तुझं उतरलेलं तोंड पाहिलं आणि तिला राहवलं नाही. हे तुला सांगायला मी भोरहून भोंगवलीपर्यंत चालत आले असते, वेणू. आता कुणाकडे जाऊ?